वाढप्याची बक्षिशी : भृती की दान?

गृहस्थाश्रमातील काही प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुद्र वाटतात. परंतु त्यांचा उलगडा करू लागले की धर्माची मोठी तत्त्वे त्यांच्या मुळाशी असलेली आढळतात. उपाहारगृहात भोजन आटोपते, बडीशेपेच्या बशीत बिल येते, पैसे दिले जातात, आणि उरलेली मोड बशीत ठेवावी की उचलावी असा क्षणभर संकोच पडतो. वाढणाऱ्याला बक्षिशी देणे हे कर्तव्य आहे काय? ते कर्तव्य असेल, तर न देणारा ऋणकरी ठरतो. ते कर्तव्य नसेल, तर न देणाऱ्यास दोष का द्यावा? आणि समजा, कोणी दिली नाही, वर दोन कठोर शब्दही बोलला, तर त्या सेवकाने त्याचे नाव व छायाचित्र समाजमाध्यमांतून सहस्रावधी लोकांपुढे मांडून त्याची लाज काढावी काय? प्रश्न दहा-वीस रुपयांचा दिसतो. पण त्यात श्रमाचे मोल, दात्याची वृत्ती आणि वाणीचा धर्म या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

भिलाईचा दाखला

या प्रश्नाचा विचार करण्यास भिलाईसारखे नगर सोयीचे आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन तेथील पोलाद कारखान्याचा पाया घातला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी अशी सर्व प्रांतांची कुटुंबे तेथील सेक्टरांतून शेजारी-शेजारी नांदू लागली. सारे नगरच श्रमावर उभे आहे. कारखान्यातील कायम कामगाराचे वेतन कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील करारांनी ते ठरत आले आहे. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या मनुष्यास कोणी असे सांगत नाही की, "आज पोलाद आम्हांस आवडले तर पगार देऊ." ज्या राजहऱ्याच्या खाणींतून भिलाईस लोहदगड येतो, तेथील ठेकेदारी मजुरांनी १९७७ मध्ये जो लढा उभारला, तोही कृपेसाठी नव्हता, श्रमाच्या न्याय्य मोलासाठी होता.

असा एखादा कामगार रविवारी सायंकाळी मुलाबाळांसह सिव्हिक सेंटरमध्ये जेवावयास बसला आहे, अशी कल्पना करावी. समोर पाणी ठेवणारा मुलगा दिवसभर उभा आहे. त्याचा पगार तुटपुंजा आहे. उरलेली भर ग्राहकाच्या बशीतून पडेल असे मालकाने गृहीत धरले आहे. स्वतःचे वेतन करारावर घेणारा गृहस्थ येथे दुसऱ्याच्या वेतनाचा एक भाग आपल्या लहरीवर देणारा धनी होऊन बसतो. त्याने हे मागितलेले नाही, त्या मुलानेही नाही. तरीही दोघे एका विचित्र नात्यात बांधले गेले आहेत. या नात्यातील गाठ प्रथम सोडविली पाहिजे.

भृती वेगळी, दान वेगळे

आपल्या धर्मशास्त्रकारांनी वेतन आणि दान यांची कधीही सरमिसळ केली नाही. राजाने ज्या अठरा प्रकारच्या विवादांचा निवाडा करावयाचा, त्यांत "वेतनाचे अनपाकर्म" म्हणजे ठरलेली मजुरी न देणे हा एक स्वतंत्र विवाद गणला आहे. मजुरी हा न्यायसभेचा विषय आहे. ती न देणारा कृपण नव्हे, अपराधी ठरतो. दानाचे तसे नाही. दान न मिळाल्याची फिर्याद कोणत्याही सभेत चालत नाही. त्याचा साक्षी अंतःकरण.

आता बक्षिशीकडे पाहावे. ती ठरलेली नसते, म्हणून भृती नव्हे. ती सेवा घेतल्यावर दिली जाते, म्हणून निरपेक्ष दानही नव्हे. तिला योग्य असा जुना शब्द आहे : पारितोषिक. "परितोष" म्हणजे मनाची तृप्ती; त्या तृप्तीतून जे निघते ते पारितोषिक. शब्दाच्या घडणीतच दोन नियम आले आहेत. तृप्ती आधी आणि देणे मागाहून, हा पहिला नियम; तृप्ती कोणालाही सक्तीने करविता येत नाही, हा दुसरा.

अलीकडच्या दोन घटनांत हेच दोन नियम राजसत्तेला आणि न्यायसत्तेला सांगावे लागले. बिलात सर्व्हिस चार्ज म्हणून ठराविक रक्कम आपोआप लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले. ते दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजीच्या निर्णयात उचलून धरले. ग्राहकाने स्वेच्छेने काही द्यावयास प्रत्यवाय नाही, सक्ती मात्र नको, असा त्याचा आशय. पुढे मे २०२५ मध्ये गाडी लवकर मिळावी म्हणून प्रवासापूर्वीच टिप द्यावयास सुचविणाऱ्या एका मोठ्या वाहनसेवेस त्याच प्राधिकरणाने नोटीस बजावली. प्रवास घडण्यापूर्वी परितोष कसला? ती बक्षिशी नव्हे. अडलेल्या मनुष्याकडून घेतलेली वाढीव किंमत होय.

मोल चुकविणारा तिसरा

बशीच्या एका बाजूस ग्राहक आणि दुसऱ्या बाजूस वाढपी. दोघांत कलह लागतो तेव्हा गल्ल्यावर बसलेला तिसरा मनुष्य कोणासही दिसत नाही. अमेरिकेत हे अतिशय स्पष्टपणे घडले आहे. ज्यांना टिप मिळते अशा कामगारांसाठी तेथील मध्यवर्ती कायद्याने मालकाने रोख द्यावयाची किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर ठेवली आहे, आणि १९९१ पासून हा आकडा बदललेला नाही. एकूण मिळकत सामान्य किमान मजुरीइतकी भरली नाही, तर उणीव मालकाने भरावी असा नियम आहे. तथापि मूळ भिस्त ग्राहकाच्या खिशावरच. वेतनाचा भार दानाच्या खांद्यावर टाकला की दान भ्रष्ट होते आणि वेतनही. दाता वेठीस धरल्यासारखा देतो. घेणारा आपल्याच श्रमाच्या मोलासाठी हसतमुखाने याचना करतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशात आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा काढून टाकलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालविली. तीच इंडियन कॉफी हाऊस. जबलपूरच्या संस्थेच्या शाखा छत्तीसगढातही आहेत आणि भिलाईचा गृहस्थ त्या चांगल्या ओळखतो. तेथे तुरेदार फेटा बांधून कॉफी आणून देणारा मनुष्य त्या संस्थेचा सभासद असू शकतो. ज्या घरात वाढणारा हाच घरधनी, तेथे ग्राहकाने ठेवलेली मोड भिक्षाही ठरत नाही आणि थकलेले वेतनही ठरत नाही. ती केवळ परितोषाची खूण उरते. व्यवस्था शुद्ध असली म्हणजे दान आपोआप शुद्ध राहते.

सत्य बोललेले असूनही

आता निंदेच्या प्रश्नाकडे वळावे. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस नगरात एक प्रसंग घडला. मोठ्या मंडळीच्या बिलात अठरा टक्के टिप आपोआप धरली होती. एका धर्मोपदेशक बाईंनी ती खोडली आणि पावतीवर अशा अर्थाचे लिहिले की, देवालाही आपण दहावा हिस्सा देतो, मग तुला अठरा टक्के कशासाठी? दुसऱ्या एका वाढपी स्त्रीने त्या पावतीचे छायाचित्र सार्वत्रिक केले. स्वाक्षरी वाचता येत होती. लोकांनी बाईंचा शोध लावला आणि त्यांच्यावर उपहासाचा पाऊस पडला. बाईंनी पुढे खेद व्यक्त केला. आणि ग्राहकाची खासगी बाब उघड केली म्हणून छायाचित्र टाकणारीची नोकरी गेली. देवाचे नाव उपमर्दासाठी वापरले गेले, हा एक दोष. त्या दोषाचा बाजार मांडला गेला, हा दुसरा. आणि अठरा टक्क्यांवर वेतन टांगणारी व्यवस्था जशी होती तशीच राहिली.

छायाचित्र खोटे नव्हते, मग दोष कोणता? भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत सत्याची गणना आहेच. परंतु त्याच्याच पुढे थोड्या अंतरावर "अपैशुन" हाही गुण आहे. दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्यापुढे उघडे करणे यास शंकराचार्यांनी पैशुन म्हटले आहे. छिद्र खरे असले तरी ते पैशुनच. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना केवळ सत्यावर न थांबता ते उद्वेग न करणारे, प्रिय आणि हितकर असावे अशी अट घातली आहे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनास कौशिक तपस्व्याची कथा सांगतात. सत्यच बोलेन असे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने दरोडेखोरांना लपलेल्या लोकांची वाट दाखविली. लोक मारले गेले आणि कौशिकास दारुण गती प्राप्त झाली. समाजमाध्यमात एखाद्याचे नाव टाकणाऱ्याने ही कथा आठवावी. मागून येणाऱ्या जमावात कोण आहे हे त्यास ठाऊक नसते. वाट मात्र त्याने दाखविलेली असते.

येथे एक सबळ आक्षेप येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. श्रीमंतास कचेऱ्या आहेत, वकील आहेत. वाढप्याच्या हाती एक आवाज तेवढा आहे. तोही मिटवावयाचा काय? दुर्बळाला अपैशुनाचा उपदेश करून सबळाचे औद्धत्य झाकणे हा धर्म नव्हे. म्हणून भेद नीट करावा. मालक टिपेतला वाटा कापून घेतो, ठरलेली मजुरी देत नाही, ग्राहक अंगावर हात टाकतो, अशा गोष्टी उघड बोलल्याच पाहिजेत. तेथे मौन हे अन्यायास साहाय्य होय. कारण त्या बोलण्याने हित होते : पुढचा मनुष्य सावध होतो, अधिकाऱ्यास दखल घ्यावी लागते. परंतु अमक्याने वीस रुपये ठेवले नाहीत, म्हणून त्याचा चेहरा आणि पत्ता जगापुढे मांडण्याने कोणाचे हित होते? अन्यायाची वाच्यता ही तक्रार. मनुष्याची विटंबना हे पैशुन. तक्रार दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकण्यास जागा ठेवते; विटंबनेत निवाडा आधीच झालेला असतो.

हा उपदेश केवळ वाढप्यास करणे मात्र ढोंग होईल. भोजन घरी आणून देणाऱ्या तरुणास ग्राहक मोबाईलवर बोट टेकवून तारे देतो. पाऊस पडत होता, फाटक बंद होते, उपाहारगृहानेच उशीर केला. यांपैकी काहीही विचारले जात नाही. रागाच्या भरात एकच तारा दिला जातो. त्या एका ताऱ्याची नोंद त्याच्या कामावर परिणाम करू शकते, आणि त्याची बाजू ऐकावयास कोणी बसलेला नसतो. वाढप्याने केलेली निंदा गृहस्थास क्वचित भोगावी लागते. गृहस्थाने केलेला निवाडा सेवकास नित्य भोगावा लागतो. ज्यास आपली विटंबना सहन होत नाही, त्याने दुसऱ्याचे मोल ठरविताना निदान एकदा विचारून घ्यावे.

गृहस्थाचा आचार

गीतेने दानाचे तीन प्रकार सांगताना रकमेचा उल्लेखही केलेला नाही. सारा भेद वृत्तीचा आहे. देणे योग्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यासाठी वा कुरकुरत दिलेले ते राजस. सत्कार न करता, अवज्ञेने फेकलेले ते तामस. "पुढच्या वेळी लवकर वाढ हं" असे म्हणून ठेवलेली नोट राजस आहे. चुटकी वाजवून बोलाविलेल्या मुलापुढे टाकलेली पाचशेची नोटही तामस असू शकते.

युधिष्ठिराच्या अश्वमेधात एक मुंगूस आले. त्याचे अर्धे अंग सोन्याचे होते. एका दरिद्री ब्राह्मणकुटुंबाने उपाशीपोटी अतिथीस दिलेल्या सातूच्या कणांनी ते तसे झाले होते, आणि यज्ञातील अपार दानाने उरलेले अंग मात्र सोन्याचे होईना. गृहस्थाने हे मुंगूस स्मरणात ठेवावे.

यास्तव आचार सोपा आहे. बिल हे ऋण समजून पूर्ण फेडावे. जमत असेल तेव्हा, जमेल तेवढी बक्षिशी प्रसन्नतेने, शक्यतो सेवकाच्या हाती द्यावी. ती त्याच्याकडेच राहते काय, हे कधी हळूच विचारावे. न जमल्यास संकोच नको; पाणी आणून देणाऱ्याकडे पाहून बोललेला गोड शब्द कोणत्याही खिशास परवडतो. सेवेत उणे आढळल्यास ते त्यालाच, किंवा मालकास, शांतपणे सांगावे. स्वतःचे दुकान वा उपाहारगृह असेल, तर नोकराचे वेतन असे ठेवावे की बशीत काहीही पडले नाही तरी त्याच्या घरची चूल पेटावी.

आणि सेवकानेही हे जाणावे की, श्रमाचे मोल हा त्याचा हक्क आहे. तो ज्याच्याकडून येणे आहे त्याच्याकडे निर्भयपणे मागावा. पारितोषिक हा हक्क नव्हे. ते आले तर आनंद, न आले तर मान खाली घालण्याचे कारण नाही आणि कोणाची मान खाली घालविण्याचेही नाही. ज्याच्यापासून लोक उद्विग्न होत नाहीत आणि लोकांपासून जो उद्विग्न होत नाही, तो भगवंतास प्रिय, असे बाराव्या अध्यायाचे सांगणे आहे. ते वाढणारा आणि जेवणारा या दोघांसही सारखेच लागू आहे.