हेरोदाचे काम कोणी करायचे?

ज्यांनी मंडळीत नाताळचे नाटक बसवले आहे त्यांना ठाऊक आहे की, मरीयेच्या कामासाठी मुलींची भांडणे होतात आणि हेरोदाचे नाव काढले की मुले मागल्या बाकांवर सरकतात. मागी लोकांना चकचकीत कागदाचे मुकुट मिळतात, मेंढपाळांना घरचे घोंगडे चालते. हेरोद मात्र कोणालाच नको असतो. आमच्या बुऱ्हाणपुरात मी पुष्कळ वर्षे ही अडचण अगदी सोप्या रीतीने सोडवीत आलो. वर्गात जो मुलगा रंगाने सर्वांत काळा, त्याला हेरोद करायचे. देवदूत अर्थात गोरे. हे मी ठरवून करीत नव्हतो. पण ठरवून केले नाही, हे काही समर्थन होत नाही.

त्यांपैकी एक मुलगा आता मोठा होऊन पॉवरलूमवर कामाला आहे. मी त्याच्यापाशी हा विषय काढला तेव्हा तो हसला. "काका, हेरोदाला तलवार मिळायची, म्हणून मला चालायचं," असे म्हणाला. मग थोड्या वेळाने, "एकदा देवदूत व्हायचं होतं, पण कोणाला सांगितलं नाही," एवढे बोलून त्याने दुसराच विषय काढला.

हे सारे आठवण्याचे कारण निराळेच आहे. मागे एका नाताळच्या तालमीत आमच्या संडेस्कूलच्या चौदा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "काका, हेरोद लहानपणापासूनच वाईट होता का?" हा प्रश्न तिने शास्त्रातून नव्हे, सिनेमातून आणला होता. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मुले कार्टूनचे सिनेमे पाहतात. 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी' या चित्रपटात एक दुष्ट परी आहे. तिला बारशाचे आमंत्रण नव्हते, म्हणून ती तान्ह्या राजकन्येला शाप देते. 2014 साली तीच कथा 'मॅलेफिसंट' या नावाने त्या परीच्या बाजूने सांगितली गेली. तीत कळते की, ज्या तरुणावर तिचा विश्वास होता त्यानेच राज्याच्या लोभाने तिला गुंगीचे औषध पाजून तिचे पंख कापून नेले होते. आमच्या मुलीला वाटले, हेरोदाचेही असेच कोणीतरी पंख कापले असतील.

पात्रांचे रंगरूपही असेच बदलत आहे. 1989 च्या 'लिटल मर्मेड' मधली जलपरी गोरी आणि तांबड्या केसांची होती. 2023 च्या चित्रपटात ते काम एका कृष्णवर्णीय गायिकेने केले, तेव्हा परदेशात केवढी ओरड झाली! जलपरी मुळात कोणाच्याच जातीची नाही, तरी लोकांना राग आला. आपण हसू नये. आपल्या घरांच्या भिंतींवर निळ्या डोळ्यांचा येशू वर्षानुवर्षे टांगलेला आहे, आणि तो नासरेथचा दिसत नाही, अशी तक्रार मी तरी कोणाच्या तोंडून ऐकली नाही. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मरीयेला साडी नेसवली व इथल्या बाईचा चेहरा दिला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लोकांना ते रुचले नाही. त्यांना गोवा सोडावा लागला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते चित्रे काढीत राहिले आणि 1967 साली वारले. आज त्याच चित्रांचे कौतुक होते.

वास्तविक पात्र बदलण्याचे हे काम आपल्या प्रभूने फार पूर्वी केले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात याजक गेला, लेवी गेला. आता ऐकणाऱ्यांच्या मनात तिसरा कोण येणार? साधासुधा इस्राएली, म्हणजे त्यांच्यासारखाच कोणीतरी. प्रभूने तेथे शोमरोनी उभा केला. हे त्याने शोमरोनी लोकांना खूश करण्यासाठी केले नाही. समोर बसलेल्यांना आपली जागा सोडून उठावे लागले, म्हणून केले. तेव्हा या बाबतीत मला फारशी शंका उरलेली नाही. शंका आहे ती दुसऱ्या प्रश्नाविषयी, त्या मुलीच्या प्रश्नाविषयी.

काही पालक म्हणाले, वाइटाला चांगले म्हणणाऱ्यांचा यशया संदेष्ट्याने धिक्कार केला आहे, हे असले प्रश्न वर्गात नकोत. मला ते पटले नाही. मी हेरोदाविषयी जे शिकलो होतो ते तिला सांगितले. तो बाप अदोमी, आई नबातीय अरब अशा घरचा. म्हणजे यहूदी प्रजेच्या दृष्टीने अर्धा परका. रोमच्या सिनेटने इ. स. पूर्व 40 मध्ये त्याला राजा म्हटले, पण यरुशलेम हाती यायला आणखी तीन वर्षे लढावे लागले. आपल्याला कोणी आपला मानीत नाही आणि कोणीतरी खरा वारस येऊन गादी घेईल, ही भीती त्याला जन्मभर पोखरीत राहिली. त्या भीतीपायी त्याने मरियम्ने या आपल्या पत्नीला मारविले, आणि पुढे तिचे दोन मुलगेही. मुलगी गप्प राहून ऐकत होती. मग तिने घरी जाऊन हेरोदाचे एक लांबलचक भाषण लिहिले. ते खरोखर चांगले होते.

आमच्या गावापासून वीसएक किलोमीटरवर असीरगड आहे. तेथे अश्वत्थामा अजून फिरतो, कपाळाच्या जखमेसाठी तेल-हळद मागतो, पहाटे महादेवाला फूल वाहून जातो, असे इकडे घरोघरी सांगतात. ही गोष्ट सांगताना आवाजात भीती असते, पण कीवही असते. तरीही त्याने झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांना मारले, हे गाळून ती गोष्ट कोणी सांगत नाही. भागवतात तर द्रौपदीच त्याला सोडून द्या म्हणते. माझ्यासारखे त्याच्या आईला रडावे लागू नये म्हणून. आणि उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव काइनाला कोणी मारू नये म्हणून खूण करतो. पण त्याच अध्यायात, त्याआधी, हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते. खूण केली म्हणून तो आवाज बंद झाला असे कोठेही लिहिलेले नाही.

सिनेमात मला येथेच खटकते. परीचे दुःख दाखवायचे म्हणून तिचा दोष उचलून राजाच्या खांद्यावर ठेवतात. दुष्ट एकच लागतो. तो फक्त बदलला. राजाच्या लहानपणाचे कोण विचारणार?

आता आमच्याकडे काय झाले ते सांगतो, कारण चूक माझीही होती. हेरोदाचे भाषण वाढल्याने वेळ पुरेना, म्हणून बेथलेहेमच्या आयांचा प्रवेश मी गाळला. नाहीतरी तो लहान मुलांपुढे बरा नव्हे, असे मी मनाशी म्हटले. तालमीला मंडळीतल्या एक आजी येऊन बसत. त्यांचे एक लेकरू तान्हेपणीच गेले होते, हे आम्हा जुन्या माणसांना ठाऊक आहे. भाषण ऐकून त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "भाऊ, राजाचं सगळं समजलं. पण आमची लेकरं कुठं गेली?"

मुलीनेच त्या रात्री आपले भाषण निम्मे कापले. तिला वाईट वाटले असेल. ती बोलली नाही. तीन आया रिकाम्या गोधड्या घेऊन, एक शब्द न बोलता हेरोदासमोरून जातील आणि तोवर त्याने सिंहासन सोडायचे नाही, असे तिने ठरवले. त्या वर्षी देवदूतांत सगळ्या रंगांची मुले होती. हेरोदाचे काम मी केले. त्या तिघी समोर आल्या तेव्हा पुढचे वाक्य मला आठवेना, आणि पडद्यामागून ते सांगायचे त्या मुलीच्याही लक्षात राहिले नाही.