स्वयंपाकघराचे नूतनीकरण आणि गृहस्थधर्म
मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना ‘पंचसूना’, म्हणजे गृहस्थाकडून नकळत जीवहिंसा घडण्याची पाच स्थाने, म्हटले असून तिच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ ही नित्य कर्तव्ये सांगितली आहेत. अन्न शिजवणाऱ्यावर इतरांचे ऋण चढते, हा त्यामागील विचार सदनिकेतील स्वयंपाकघर बदलतानाही लागू पडतो. कारण इमारतीचा भार पेलणारी भिंत फोडली किंवा पाणी झिरपू दिले, तर झळ शेजाऱ्यांना बसते. म्हणून गृहनिर्माण संस्थेची संमती, संरचना अभियंत्याची तपासणी आणि आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेणे हा कायद्याइतकाच धर्माचाही भाग ठरतो, आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर सढळ खर्च करून जलरोधनात काटकसर करणे हा त्या धर्माचा भंग होय.