‘कुठे?’चा रकाना

पुणे, मंगळवार

चि. सायलीस,


पालकांनी बोलावलेल्या त्या बैठकीला जा. फोनवर तू म्हणालीस, “मावशी, डॉक्टरने असल्या भानगडीत पडावं का? नगरसेवक येणार, दुकानदार भांडणार, उद्या लोक म्हणतील मॅडमना निवडणूक लढवायची आहे.” म्हणू देत. पालकांनी तुला भाषणासाठी बोलावलेलं नाही. त्यांची मुलं ज्या रस्त्याने सायकलवर शाळेत जातात, त्या रस्त्याचा अर्धा हिशेब तुझ्या ओपीडीत पडून आहे आणि तो दुसऱ्या कोणाकडेच नाही.

आपण केसपेपरवर काय लिहितो ते आठव. ‘आरटीए (रस्ता अपघात). उजव्या मांडीचं हाड मोडलं.’ एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद, होते, पोलीस जबाब घेतात, पोर थिएटरमध्ये जातं. कुठे झालं? ‘रस्त्यावर.’ तीस वर्षं मी मुलांची हाडं जोडली आणि त्यातली निदान वीस वर्षं तो रकाना असाच भरला. याची मला खंत आहे, म्हणूनच एवढ्या कळकळीने लिहितेय.

माझे डोळे उघडले ते एका नऊ वर्षांच्या मुलामुळे. टेम्पोचा धक्का बसला होता. मांडीच्या हाडात दोन सळ्या (टेन्स नेल) घातल्या. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर त्याचा एकच प्रश्न, “पुढचं चाक सरळ होईल ना? सायकल दादाची आहे.” त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या आईला नीट विचारलं, नेमकं कुठे झालं? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तिथे जाऊन उभी राहिले. फुटपाथ डीपीच्या पेटीपाशी संपत होता. पुढे रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. त्यामुळे सायकलवरची पोरं भर रस्त्यात यायची, नेमकी वळणापाशी. आणि वळण इतकं ऐसपैस गोलाकार केलेलं, की डावीकडे वळणाऱ्याला वेग कमी करायची गरजच नव्हती. पंचवीस मिनिटांत एकाही टेम्पोने ब्रेक मारलेला मी पाहिला नाही. मग जुने केसपेपर काढून घरोघरी फोन केले. त्याच वळणावरची आणखी चार मुलं माझ्याच हाताखालून गेली होती. एकाच्याही कागदावर ते वळण नव्हतं.

कार्डिफला जोनाथन शेफर्ड नावाचे एक सर्जन होते. मारामारीत फुटलेले जबडे जोडणं हे त्यांचं काम. त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे येणारे कितीतरी जखमी पोलिसांच्या दफ्तरी नसतातच. मग कॅज्युअल्टीत पेशंटची नोंद करतानाच विचारायला लागले: कुठे, केव्हा, कशाने? नावं गाळून ती माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला दिली. तशाच इतर शहरांच्या मानाने तिथे मारहाणीचे जखमी कमी झाले. तुला याहून वेगळं काही करायचं नाही. जागा, वेळ, वाहन आणि दुखापत, एवढंच. मुलाचं नाव कधीही नाही. गल्लीत पोर ओळखू येईल असा तपशीलही नाही.

बैठकीत आधी आयांना बोलू दे. नेदरलँड्समधले सायकलमार्ग आभाळातून पडलेले नाहीत. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात चारशेहून अधिक मुलं रस्ते अपघातांत गेली. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी त्यातलीच एक. त्याने १९७२ मध्ये ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. रेटा त्यांचाच होता. तू त्यांच्या शेजारी बस.

तुझी पाळी आली की वेगाबद्दल बोल. कोणीतरी लगेच म्हणेल, मुलांना हेल्मेट घालायला सांगा ना! हेल्मेट हवंच, पण आधी वेग. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, आणि तो कवटीच्या आत, पोटात, मांडीत कुठे कुठे जातो हे तू रोज पाहतेस. २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या देशांनी मान्य केलं, की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये. नुसती पाटी लावून मात्र वेग उतरत नाही. वळण आवळावं लागतं, क्रॉसिंग फुटपाथइतकं उंच करावं लागतं. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९८ अ हे कलम आलंय. रस्त्याची रचना मानकांप्रमाणे नसल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून बोलू नकोस, पण कलम माहीत असू दे.

दुकानदारांवर चिडू नकोस. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी असते. दुसऱ्या दिवशी एकटी जा, चहा घे, त्यांचं ऐक. आमच्या वळणावर दोन वर्षं काही हललं नाही. मी सहा बैठका केल्या. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानेच सांगितलं, की माल उतरवायला सकाळी आठनंतर गाडी आणली तरी चालेल. कडेला गाड्या लावू न देणारे खांब, बोलार्ड, लागले ते त्यानंतर. वळण अजून तसंच आहे. त्याचा पाठपुरावा मी सोडलेला नाही.

अॅप्रन घालून जाऊ नकोस. आणि एकदा जाऊन थांबू नकोस. पहिल्या बैठकीला येऊन गेलेले डॉक्टर लोकांनी खूप पाहिलेत.

उद्यापासून ओपीडीतल्या मुलीला सांग, ‘रस्त्यावर’ लिहायचं नाही. जवळचं दुकान, देऊळ, बसस्टॉप, जे असेल ते लिहायचं. सोमवारी पहाटेच्या गाडीने मी येते. साडेसहाला शाळेच्या कोपऱ्यावर भेट. खडू आणि मोजपट्टी मी आणते, तू छत्री आण.

तुझी,
मावशी