मौन की अज्ञान?

धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचा मुख्य विषय वास्तुशास्त्र. परंतु त्यात यंत्रांवरही एक अध्याय आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेत १९२४-२५ साली हा ग्रंथ छापून निघाला. नाचणाऱ्या बाहुल्या, लाकडी पक्षी, दारात उभा राहून आगंतुकास अडवणारा लाकडी रक्षक अशी नाना यंत्रे त्या अध्यायात येतात. ती काय करतात हे ग्रंथकार सांगतो. कशी घडवावीत हे मात्र पुरतेपणी सांगत नाही. आणि हे आपण गुप्ततेस्तव करीत आहो, अज्ञानामुळे नव्हे, असा खुलासाही तो करून ठेवतो.

अकराव्या शतकातील या खुलाशाची आठवण आम्हांस व्हावी असा एक छंद आज घरोघरच्या टेबलांवर आढळतो. तो म्हणजे रणगाड्यांच्या प्रतिकृती बनविण्याचा. पेटीतून प्लास्टिकचे सुटे भाग निघतात. ते कापावयाचे, कानशीने घासावयाचे, जोडावयाचे, रंगवावयाचे. बहुधा माप पस्तिसास एक. या मापात पुरुषभर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरांचा होतो. वजन तर त्याहूनही वेगाने घटते: पन्नास टनांचा रणगाडा त्याच पोलादाचा ठेवून या मापात आणला, तरी तो सव्वा किलोच्या आत भरेल. खरे कौशल्य दिसते ते शेवटचा हात फिरवताना. शिवणींत पातळ काळपट रंग सोडावा, कोरड्या कुंचल्याने कडा उजळाव्यात, साखळपट्ट्यांवर चिखल चढवावा, धुराड्यापाशी गंज दाखवावा. एकेक खिळा खऱ्याशी ताडून पाहणारे लोक आहेत, आणि त्यांच्या चिकाटीविषयी आम्हांस आदरच वाटतो.

तथापि येथे भोजाची रीत नेमकी उलटी झाली आहे. त्याने कार्य सांगितले व घडण झाकली. आमचा प्रतिकृतिकार घडण खिळ्याखिळ्याने सांगतो व कार्य झाकतो. चिखल आहे, गंज आहे; ज्यासाठी ते यंत्र निर्माण झाले, तेवढे मात्र नाही. संहाराच्या साधनास असे देखणे रूप देणे योग्य काय, हा प्रश्न म्हणूनच उभा राहतो.

माळव्यातील मराठी माणसास हा प्रश्न परका नाही. धारची गादी आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पात्या मराठ्यांच्या घोडदळाबरोबरच तिकडे गेल्या. घोडदळाचा वारसा आज रणगाड्यांकडे आला आहे. १८१७ साली उभा राहिलेला ‘पूना हॉर्स’ हा रिसाला पुढे घोड्यावरून रणगाड्यावर आला. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रिसाल्याचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडण्याचा हुकूम झाला असताही, तोफ अद्याप चालते आहे म्हणून, ते बाहेर पडले नाहीत. वय अवघे एकवीस. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

पुढे २००१ साली त्यांचे वृद्ध पिता, तेही सेनाधिकारीच, पाकिस्तानात आपले जन्मगाव पाहण्यास गेले. लाहोरात ज्या निवृत्त ब्रिगेडियर नासर यांनी त्यांचे आतिथ्य केले, त्यांनीच अखेर सांगितले की आपला मुलगा त्या दिवशी माझ्या हातून पडला. आपल्या घरचे अन्न खाणाऱ्या पित्यास हे सांगणे आणि त्या पित्याने ते ऐकून घेणे, या दोहोंसाठी किती धैर्य लागले असेल! सेंच्युरियनची प्रतिकृती कितीही अचूक असो, हे तिच्यात कोणत्या रंगाने उतरणार?

कोणी म्हणेल, मग हा छंदच टाकून द्यावा. आम्ही तसे म्हणत नाही. मराठी घरातील मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात. तीही युद्धाचीच प्रतिकृती होय. परंतु सिंहासनावर कोण बसले आहे आणि बुरुजावरचा मावळा कोणासाठी जागतो आहे, हे त्या मुलास ठाऊक असते. गोमंतकात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात. तो कोण होता, का मेला, हे तेथील पोरासोरांसही सांगता येते. खेळ आहे, पण त्याच्यामागे कथा आहे.

म्हणून दोष लहान करण्यात नाही, सुंदर करण्यातही नाही. दोष आहे तो न जाणता करण्यात. पाच सेंटिमीटरांच्या माणसाकडे आपण वरून पाहतो, आणि वरून पाहणाऱ्यास कोणतेही युद्ध नीटनेटकेच दिसते. ही दृष्टी सुधारण्यास एकच उपाय आम्हांस सुचतो: ज्या यंत्राचा प्रत्येक खिळा आपण जाणतो, त्याच्या आत बसलेल्या एका तरी माणसाची, आणि त्याच्या तोफेपुढे उभ्या असलेल्या एका तरी माणसाची हकिकत जाणून घ्यावी. मग प्रतिकृतीवर रक्ताचा ठिपका दाखविण्याची गरज नाही. ती मूक राहिली तरी चालेल. फक्त तिच्या कर्त्यास धारच्या ग्रंथकाराप्रमाणे निःशंकपणे म्हणता आले पाहिजे की, मी बोललो नाही, पण ते अज्ञानामुळे नव्हे.