आज असता तर…



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. या दिवसांत दफनभूमीत गेलो की एक वाक्य माझ्या कानावर हमखास पडते, "आज असता तर…" वयोवृद्ध माणसाच्या कबरीपाशी ते सहसा कोणी म्हणत नाही. तरुणाच्या कबरीपाशी म्हणतात. असता तर इंजिनिअर झाला असता, असता तर घर वर आणले असते.

आज अशाच एका तरुणाविषयी लिहितो. तो आपल्याकडचा नव्हे. लेस डार्सी हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियातील मेटलंड परिसरातला, आयरिश वंशाचा कॅथलिक मुष्टियोद्धा. (बॉक्सिंगमधले मला फारसे कळत नाही, आणि एकमेकांना ठोसे मारण्याच्या या खेळाविषयी माझ्या मनात शंकाही आहेत. तो विषय पुन्हा कधीतरी.) जन्म 1895 चा. घरात भावंडे पुष्कळ, थोरला भाऊ अधू. म्हणून कोवळ्या वयातच शाळा सुटली आणि घराचा भार याच्या खांद्यावर आला. पुढे लोहाराकडे उमेदवारी केली आणि तेथून तो रिंगणात उतरला. सुमारे 50 लढतींत त्याचे पराभव फक्त चार, आणि त्याला कोणी कधीच नॉकआउट करू शकले नाही. दारू-तंबाखूला तो शिवत नसे. मिळालेल्या पैशांतून त्याने आईवडिलांसाठी घर बांधले.

मग पहिले महायुद्ध आले. एवढा धडधाकट गडी सैन्यात का जात नाही, असे लोक विचारू लागले. तेव्हा 21 वर्षांखालील मुलाला भरतीसाठी आईवडिलांची संमती लागे, आणि आई सही करायला तयार नव्हती. सक्तीच्या सैन्यभरतीवर देशात सार्वमत होणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, ऑक्टोबर 1916 मध्ये, हा पासपोर्टाशिवाय जहाजात लपून अमेरिकेला निघून गेला. चार मोठ्या लढती खेळायच्या, घरची कायमची सोय लावायची, मग सैन्यात जायचे, असा त्याचा बेत होता. पण मायदेशी तो पळपुटा ठरला आणि ती बदनामी त्याच्याआधी अमेरिकेत पोहोचली. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याच्या लढतीला बंदी घातली. इतरत्रही दारे बंद झाली. अमेरिकेत त्याची एकही लढत झाली नाही. एप्रिल 1917 मध्ये त्याने अमेरिकी सैन्यात नाव नोंदवले, आणि लगेचच आजारी पडला. आदल्या वर्षी एका लढतीत त्याचे दात पडले होते, ते पुन्हा बसवले होते. तेथूनच संसर्ग रक्तात गेला असे मानले जाते. 24 मे 1917 रोजी मेम्फिस शहरात तो वारला. वय 21. वाग्दत्त वधू उशाशी होती, आई हजारो मैल दूर होती.

त्याचे शव मायदेशी आले, तेव्हा त्याच देशात त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी विलक्षण होती. अमेरिकेने त्याला विष घातले, अशी वदंता पिढ्यान्‌पिढ्या चालली. आणि "जगला असता तर" हे तर आजतागायत चालू आहे. 1916 साली त्याने माजी जगज्जेता जॉर्ज चिप याला नवव्या फेरीत झोपवले होते. मग अमेरिकेत तो अजिंक्य ठरला नसता का? गंमत पाहा, या "असता तर"मध्ये तो नेहमी जिंकतोच. तो हरला असता, खंदकात मेला असता, किंवा म्हातारपणी मेटलंडमध्ये लोहारकीचे दुकान चालवीत बसला असता, असे कोणी म्हणत नाही.

सेमिनरीत आम्हांला एक जुना वाद शिकवला होता. अमुक परिस्थितीत एखाद्या माणसाने स्वेच्छेने काय केले असते, हे परमेश्वराला ठाऊक असते, असे मोलिना नावाच्या स्पॅनिश जेज्विट धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात मांडले. परमेश्वराला ते नेमके कसे ठाऊक असते, यावरून डोमिनिकन आणि जेज्विट इतके भांडले की पोप पाचवे पौल यांनी 1607 साली निर्णय न देताच वाद थांबवला. परीक्षेत मी त्यावर पाच पाने लिहिली होती. आता मला नाईन गावची विधवा अधिक आठवते. येशूने तिच्या मेलेल्या मुलाला उठवले आणि आईच्या हाती दिले. तो मुलगा पुढे कोण झाला, संत लूक एका शब्दानेही सांगत नाहीत. त्याच्याकडून काही मोठे कार्य व्हायचे होते म्हणून येशूने त्याला उठवले, असेही सांगत नाहीत. आईला पाहून त्याला कळवळा आला, एवढेच.

हे मला कोणी शिकवले, तेही सांगतो. माझ्या आधीच्या धर्मग्रामात एकोणीस वर्षांचा मुलगा मोटरसायकल अपघातात गेला. फुटबॉल सुरेख खेळायचा. अंत्यविधीच्या प्रवचनात मी त्याच्या भवितव्याचे मोठे चित्र उभे केले. लोक रडले, मलाही प्रवचन बरे झाल्यासारखे वाटले. महिन्याच्या मिस्साला त्याची आई भेटली. म्हणाली, "फादर, तो काय झाला असता ते तुम्ही सांगितलंत. तो काय होता ते राहूनच गेलं." आणि मग तिने सांगितले. दर रविवारी तो आजीला गाडीवर बसवून मिस्साला आणायचा, आणि तिला चप्पल घालता येत नसे म्हणून पायरीवर बसून तिच्या पायांत चप्पल घालायचा. पाच वर्षे मी ते दारातून दर रविवारी पाहत होतो.

डार्सीच्या आईला जगज्जेतेपदाचे काय वाटले असेल, मला माहीत नाही. मुलाने बांधलेल्या घरात ती राहत होती.

पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आपण दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देणार आहोत. मृतांच्या नावांसाठी चर्चच्या दाराशी पेटी ठेवली आहे. यंदा चिठ्ठीवर नावाखाली, ते माणूस करीत असे अशी एखादी गोष्टही लिहा. एक ओळ पुरे. त्या आपण नावांबरोबर मोठ्याने वाचू. वेळ लागला तर लागू दे.

तुमचा,
फादर