फोटो काढण्यापूर्वी

आपल्या भाषेत फोटो 'काढतात'. चित्र काढतात, विहिरीतून पाणी काढतात, गेलेल्या माणसाची आठवण काढतात, दुसऱ्याची खोडी काढतात, आणि अडीअडचणीला सावकाराकडून कर्जही काढतात. एकाच क्रियापदाच्या पोटात इतके निरनिराळे व्यवहार नांदत असतील, तर फोटो काढताना आपण यांपैकी नेमके काय करतो, हे एकदा पाहून घ्यावे असे मला पुष्कळ दिवस वाटत आहे. दिवाळीत घरोघर फोटो निघतात. तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर हा प्रश्न वाढायला हरकत नसावी.

मी देवळाली प्रवरेचा शाळामास्तर. रिकाम्या तासाला मुलांना कॅमेऱ्याची तोंडओळख करून देतो, आणि तीही फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यावर. हल्लीचा मोबाइल सारे आपणहून करतो, म्हणून तो काहीच शिकवीत नाही. धडा तसा लहानसाच आहे. भिंगातले छिद्र लहानमोठे होते, शटर कमीअधिक वेळ उघडे राहते, आणि फिल्म कमीअधिक चपळ असते. लख्ख उन्हात छिद्राचा आकडा १६ वर ठेवावा आणि फिल्मचा वेग १०० असेल तर शटर सेकंदाच्या १२५ व्या भागावर; बहुतेक वेळा काम भागते. छिद्र मोठे केले तर मागचा देखावा पुसट होतो, शटर रेंगाळले तर धावते वासरू फराटा होऊन उमटते. एक वाढवले की दुसरे घटवावे लागते. मुलांना हे त्रैराशिकापेक्षा लवकर समजते!

खरी गंमत उजेडाच्या मापात आहे. कॅमेऱ्यातला मापक समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. आमच्या पारावर पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर अशी पाच-सहा वडीलधारी मंडळी बसलेली असतात. त्यांच्यावर कॅमेरा रोखला की मापक त्या शुभ्रतेने दिपतो आणि उजेड तोडतो. टोप्या मळकट येतात आणि उन्हात रापलेले चेहरे काळेठिक्कर. चेहरा यावा असे वाटत असेल तर माप चेहऱ्याचे घ्यावे लागते (मोबाइलवर काचेतल्या चेहऱ्यावर बोट टेकवावे), मग टोपीची घडी उजेडात विरघळली तरी चालेल. यंत्राला हे ठरवता येत नाही. माप कुणाचे धरायचे हे ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्यानेच ठरवायचे असते.

आणि हे ठरवण्यात माणसे फार मोठ्या प्रमाणावर चुकली आहेत. अमेरिकेत रंगीत फोटो छापताना रंग जुळवण्यासाठी जे नमुन्याचे चित्र वापरीत, त्यात कित्येक वर्षे गोरी स्त्रीच असे. 'शर्ली कार्ड' असे त्याचे नावच पडले होते. तिची कांती सुरेख आली की फिल्म उत्तम! काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसेनात, तर दोष चेहऱ्यांकडे गेला.

आता मुख्य मुद्दा. दिवाळी सरली की आमच्या भागात ऊसतोडणीची माणसे येतात. बीडकडून, पाथर्डीकडून. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता', शेताकडेला पाचटाच्या कोप्या. गेल्या हंगामात माझ्या एका विद्यार्थ्याने फडातल्या एका बाईचा फोटो आणला. डोक्यावर मोळी, कंबर वाकलेली, मागून सकाळचे तिरपे ऊन. चित्र अप्रतिम होते. वर्गाने टाळ्या पिटल्या. हंगामापुरती आमच्या शाळेत आलेली एक मुलगी मात्र खाली मान घालून म्हणाली, "ती माझी आई आहे. तिला कुणी विचारलं होतं का?"

वर्गात वाद पेटला. मुलगा म्हणाला, विचारले असते तर ती ताठ उभी राहिली असती आणि फोटो मेला असता. बोलणे अगदीच खोटे नव्हते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस चित्रित केली. वाटाण्याला काही विचारावे लागले नाही. माणूस मात्र विचारताच बदलतो. पण मला वाटते, ते बदलणे हाही त्या माणसाचा भाग आहे. जुन्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे, मेजावर हात ठेवून ताठ बसलेले आपले आजोबा आठवा. ते शेतात तसे कधीच बसले नसतील. पण आपण कसे दिसावे, हे त्या एका दिवशी त्यांनी स्वतः ठरवले होते.

"मग ऊसतोडीचे हाल जगाला कळायचे कसे?" मुलाने विचारले. हा प्रश्न असा झटकून टाकता येत नाही. १९१९ च्या हत्याकांडानंतर नारायण विनायक विरकर जालियनवाला बागेत गेले आणि भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी टिपल्या. ते फोटो नसते तर आपला पुरावा तेवढा दुबळा झाला असता. १९८४ साली भोपाळला मातीआड होणाऱ्या एका अनाम बालकाचा चेहरा रघु राय यांनी टिपला. तिथे कुणाची परवानगी मागणार? पण मेलेल्याला विचारता येत नाही म्हणून जित्यालाही विचारू नये, हे कुठले तर्कशास्त्र? ती बाई तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती.

शेवटी मुलगा फोटो घेऊन कोपीवर गेला. मीही बरोबर होतो. तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मुकादमाला दाखव, कारखान्यावर दाखव. शाळेच्या भिंतीला लावू नको. पोरगी तिथं बसते." आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. आम्ही गेलो तेव्हा ती केस विंचरून, ठेवणीतले लुगडे नेसून, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. कोयता तिने आधीच कोपीत नेऊन ठेवला होता. ऊन डोक्यावर आले होते, डोळ्यांखाली सावल्या पडत होत्या. मुलाने दोघींना बाभळीच्या सावलीत घेतले आणि माप चेहऱ्याचे धरले. चित्र म्हणून ते पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, असे आमचे चित्रकलेचे मास्तर अजून म्हणतात.

त्याच्या दोन प्रती काढल्या. एक वर्गात लागली. दुसरी फाल्गुनात गाड्या गावाकडे परतायच्या आत तिच्या हाती पोचवायची होती, म्हणून मुलगा सायकलवरून श्रीरामपूरला जाऊन घेऊन आला.