माळ हातात, मुलगी शेजारी



३० ऑगस्टपासून मरियामातेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना सुरू होते. ८ सप्टेंबरला सण आणि त्याच सुमारास हरेगावची मतमाऊलीची यात्रा. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून वळत नाही) हरेगावला कधीच गेली नाही अशी ख्रिस्ती बाई सापडणे कठीण. आधी आईचा पदर धरून, पुढे मैत्रिणींबरोबर, मग कडेवर लेकरू घेऊन. यंदा यात्रेबद्दल नव्हे, यात्रेला जाणाऱ्या आई आणि मुलीबद्दल चार शब्द लिहितो. पुरुषांनीही वाचावे.

ज्या जन्माचा आपण सण करतो तो बायबलमध्ये कुठेच सांगितलेला नाही. मरियेच्या आईवडिलांची अन्ना व योआकिम ही नावे दुसऱ्या शतकातील एका जुन्या ग्रंथातून आली. ख्रिस्तसभेने तो ग्रंथ पवित्र शास्त्रात घेतला नाही, पण त्या दोघांचा सण २६ जुलैला ठेवला. युरोपातील जुन्या चित्रांत संत अन्ना छोट्या मरियेला पुस्तक वाचायला शिकवताना दिसते. चित्रकारांची कल्पना म्हणून सोडून देता येईल. पण एक करा. लूकच्या पहिल्या अध्यायातील मरियेचे स्तोत्र आणि १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायातील हन्नाचे स्तोत्र शेजारी ठेवून वाचा. दीनांना वर उचलणारा, भुकेल्यांना तृप्त करणारा देव दोन्हीकडे तोच. अलिशिबेच्या घरात पाऊल टाकताना त्या मुलीच्या तोंडी हे एकाएकी आले नसावे. ते तिच्या कानावर लहानपणापासून पडत असणार. कोणी घातले? शास्त्र गप्प आहे. मला विचाराल तर आईने, आणि तेही हातातले काम न सोडता. हन्ना आणि अन्ना हे हिब्रू भाषेत एकच नाव आहे, हेही सांगून ठेवतो.

आता आपल्या घरांकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. घरभेटीला गेलो असता एक माऊली म्हणाली, "फादर, तुम्हीच सांगा हिला. बारावीला गेली, माळेला बसत नाही. संध्याकाळ झाली की मोबाईल घेऊन ओट्यावर." मी काय केले असेल? सांगितले हिला. चांगले दहा मिनिटे सांगितले. मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही माळेला बसली नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा नेमकी माळ चालू होती. मी मागे बसलो. पहिले रहस्य संपल्यावर आईने हेतू मांडला, "प्रभू, माझ्या मुलीला चांगली बुद्धी दे, तिला वळण लागू दे." मुलगी ओट्यावरून सगळे ऐकत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की चूक मी चुकीच्या माणसाची काढली होती. रोज देवासमोर आपली तक्रार होणार असेल तर तिथे कोण जाऊन बसेल? मीही बसलो नसतो. प्रार्थनेच्या नावाखाली आपण देवाला सांगतो की मुलीला ऐकवतो, हे प्रत्येक आईने (आणि प्रत्येक धर्मगुरूने) एकदा तपासून पाहावे.

मी त्या माऊलीला एवढेच सुचवले, की हेतू तुम्ही मांडू नका, तिला विचारा. पहिले काही दिवस उत्तर आले, "काही नाही." आईने "काही नाही"साठीच दहा नमो मारिया म्हटल्या. मुलगी ओट्यावरून उंबऱ्यापर्यंत आली, मग आत आली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मम्मी, ते मे महिन्यातलं स्थळ नको. मला नर्सिंगला जायचंय." आई काही बोलली नाही. रहस्य पूर्ण केले, माळ खुंटीला लावली, भाकरी थापायला गेली. रात्री तिने मुलीच्या वडिलांजवळ विषय काढला. तो विषय एका रात्रीत मिटला नाही, भांडणे झाली, मला दोनदा जावे लागले. पण लग्न थांबले. मुलगी नर्सिंगला गेली. हे दोघींना विचारूनच लिहीत आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताची ओळख झाली. वयाच्या चाळिशीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांचे म्हणणे असे की एकाच खोलीत बसलेला माणूस आपल्यापाशी नसू शकतो आणि खूप दूर असलेला आपल्यापाशी असू शकतो. परीक्षेपुरते ते मी पाठ केले होते. कळले ते त्या ओट्यावर. आज ती मुलगी होस्टेलवर आहे. ड्युटी नसेल त्या रात्री फोनवर दोघी माळ म्हणतात. रेंज गेली की आई एकटीच पुढे नेते. ज्या मोबाईलवरून मी तिला बोललो, तोच मोबाईल.

छोट्या संत तेरेजाची आई झेली मार्टिन हिला पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, पती लुई यांच्यासह, संतपद दिले. लेस विणण्याचा धंदा सांभाळणारी, नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गमावलेली ही बाई. तिची तिसरी मुलगी लिओनी हट्टी, अभ्यासात मागे, शाळेतून परत पाठवलेली. आईने प्रार्थना केल्या, समजावले, काही चालेना. १८७७ मध्ये, झेलीला स्तनाचा कर्करोग बळावलेला असताना उघड झाले, की घरातली मोलकरीण लिओनीला धाकात ठेवून छळत होती. इतकी वर्षे एका छताखाली, आणि आईला पत्ता नव्हता! संताच्या घरातही असे होते. त्यानंतर झेलीने लिओनीला जवळ घेतले, उरलेले दिवस तिच्यासाठी काढले. जूनमध्ये मोठ्या तिन्ही मुलींना घेऊन ती लूर्डला गेली. बरी झाली नाही. २८ ऑगस्टला वारली. पण लूर्डहून परतली ती हसतमुख, जणू मागितलेले मिळाले आहे. लिओनी तीन वेळा मठात जाऊन परत आली, १८९९ साली चौथ्यांदा गेली आणि १९४१ साली तिथेच देवाघरी गेली. आता तिच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू झाली आहे.

हरेगावला जाताना काही माऊल्या असाच आजार घेऊन जातात आणि मुलीला सांगत नाहीत. सांगा. आणि डॉक्टरकडेही जा.

माझ्या घरी आम्ही भाऊ माळेच्या तिसऱ्या रहस्यापर्यंत गुडघ्यावरच झोपी जायचो. आई आणि बहीण मात्र माळ संपल्यावरही तशाच बसून हळू आवाजात बोलत राहायच्या. काय बोलायच्या, ते आजवर कळलेले नाही. बहिणीला विचारले तर ती हसते.

नोव्हेनाच्या नऊही संध्याकाळी चर्चमध्ये माळ यंदा आई-मुलीची एकेक जोडी म्हणेल, हेतू मुलगी मांडेल. सासू-सुनेची जोडीही चालेल, रूथ आणि नामी यांची आठवण ठेवून. जिची आई नाही, तिने मावशी, आजी किंवा शेजारीण आणावी. नावे रविवारच्या मिस्सानंतर सिस्टरांकडे द्यावीत. पहिल्या संध्याकाळची जोडी ठरली आहे, आठ जागा रिकाम्या आहेत.

तुमचा,
फादर